दोन फळ्यांचं पाणी

"परत उघडला पडदा," म्हातारी उशीत तोंड खुपसून पुटपुटली. "रोज उठून तेच. डोळे उघडायची सोय नाही माणसाला."

वहिनी तेव्हा तिला कुशीवर वळवून खालची चादर ओढून घेत होती. म्हणजे म्हातारीचं तोंड तिच्या कानापासून वीतभरही लांब नव्हतं. तरी तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पूर्वेची खिडकी, सकाळचं ऊन, म्हातारे डोळे, दिपत असतील. तिने पडदा अर्धा ओढला आणि विचारलं, "आता नाही ना ऊन येत? तळं दिसतंय ना पण?"

"दिसतंय," सासू, म्हणजे घरातल्या सगळ्यांची आई, म्हणाली. "न दिसून जाईल कुठे."

वहिनीला सगळेच वहिनी म्हणत. नणंद म्हणायची ते ठीकच, पण रविवारी बोटीत बसायला येणारे पाहुणे, दूध टाकणारा, इतकंच काय, कुणाशी तिच्याबद्दल बोलताना तिचा नवरासुद्धा. नवरा सगळ्यांचा दादा. त्याचं वडिलांपासूनचं चष्म्याचं दुकान होतं आणि दुसऱ्यांच्या डोळ्यांतलं पाव नंबराचं अंतरही त्याला अचूक कळायचं. घरातलं कळायला मात्र वेळ लागायचा.

लग्नाला पंचवीस वर्षं झाली की लोक बायकोला बांगड्या करतात. सासऱ्यांनी तळं केलं. घरामागे त्यांची स्वतःची जमीन, मधून एक लुकडासा ओढा वाहायचा. त्याला त्यांनी दोन पुरुष उंचीचा मातीचा बांध घातला, एका टोकाला जास्तीचं पाणी जायला दगडी सांडवा केला, लाकडी धक्का बांधला, एक पांढरी बोट आणली. "हिच्यासाठी केलंय," असं ते येईल त्याला सांगायचे आणि आई शेजारी उभी राहून पदराशी चाळा करत हसायची. तेव्हापासून ते आईचं तळं. रोज संध्याकाळी आई वरच्या गॅलरीत खुर्ची टाकून दिवस मावळेपर्यंत पाण्याकडे बघत बसे. सासरे गेले, तरी तिचा नेम चुकला नाही. बघणाऱ्याला भरून यायचं.

गेल्या वर्षी आईचं खुब्याचं हाड मोडलं आणि तिचा पलंग खालच्या खोलीत आला. तिथून अंगणाच्या कडेचा उंचवटा आड यायचा, पाणी काही दिसायचं नाही. आई काही बोलली नाही. उलट त्या महिन्यात तिला चांगली झोप लागली, चार घास जास्त गेले. पण दादाचा जीव तुटायला लागला. "बोलत नाही, पण मनात कुढत असणार," तो म्हणायचा. मग एके दिवशी त्याने सांडव्याच्या तोंडाशी दोन जाड फळ्या आडव्या ठोकून बसवल्या. आठ दिवसांत तळं हातभर चढलं, पसरलं आणि उंचवट्यावरून पाण्याची एक लखलखीत पट्टी आईच्या खिडकीत आली. "दिसायला लावणं हा आपला धंदाच आहे," दादा खूश होऊन म्हणाला. आईने त्याच्या गालावरून हात फिरवला. त्या दिवसापासून तिची झोप उडाली, पण ती खुब्याच्या नावावर खपली.

बांधाच्या पलीकडे, बरोबर खाली, दादाच्या बहिणीचं घर. ती पन्नाशीची, अंगाने भरलेली, शिवणकामाच्या तीन मशीन चालवणारी बाई, पण नाव पडलं ते बेबी. वडिलांनी हौसेने जागा दिली, तिने हौसेने घर बांधलं. नवरा लांबच्या गाड्यांवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. बेबीच्या मागच्या दारातून निघालं की पन्नास पावलांवर बांधाचा पायथा आणि त्या पायथ्याशी गादीसारखी हिरवळ. भर उन्हाळ्यात सगळं करपून गेलं तरी तो तुकडा हिरवागार. रविवारचे पाहुणे तिथेच चटया टाकत. वहिनीच्या मनात कधीतरी यायचं की इथेच कसं काय एवढं हिरवं, आणि चप्पल का रुतते. पण ती ते मनातच ठेवायची. सासऱ्यांच्या तळ्याबद्दल वाकडा शब्द काढायचा म्हणजे त्यांच्या फोटोला पाठ दाखवण्यासारखं. बेबीही कधी काही म्हणाली नव्हती. फक्त पावसाच्या दिवसांत आईचे पाय नेमके जास्त दुखायचे आणि पाय चेपायला बेबीच हवी असायची, तेवढ्यापुरती ती कुरकुरायची. "वहिनी दिवसभर असते की इथे. मला चिखल तुडवत कशाला बोलावतेस?" पण यायची आणि रात्री वरच झोपायची.

मग पाटबंधारे कार्यालयाचं पत्र आलं. खाजगी मालकीचे सगळे लहान बांध तपासायचे होते. दादाला हसू आलं. "धरण म्हणतायत आपल्या तळ्याला."

तपासायला आला तो साठीच्या उंबरठ्यावरचा, गमबूट घातलेला, कमी बोलणारा माणूस. बांधावरून तो तीनदा चालला, मग पायथ्याशी उतरला आणि खांद्यावरच्या पिशवीतून लाकडी खुंट्या काढून ओल्या जागेच्या कडेने ठोकत बसला. आईने खिडकीतून त्याच्या पिशवीतून डोकावणाऱ्या खुंट्या पाहिल्या होत्या. "खुंटीवाला आला वाटतं," ती म्हणाली. झालं, तेच नाव पडलं.

"ही हिरवळ कायम अशीच?" खुंटीवाल्याने विचारलं.

"बारा महिने," दादा अभिमानाने म्हणाला. "थेंबभर पाणी घालावं लागत नाही."

"घालतंय की. तळं घालतंय."

दादाचं हसू तिथेच थिजलं. खुंटीवाला उठला, गुडघे झटकून सांडव्याकडे गेला आणि बराच वेळ फळ्यांकडे बघत राहिला. "या कुणी घातल्या?"

"मी. आईला दिसावं म्हणून."

खुंटीवाल्याने बहुतेक पुष्कळ बांधांवर पुष्कळ कारणं ऐकली असावीत. हे नवीन होतं. त्याने टोपी काढून डोकं खाजवलं. "हे बघा, पाझर बांधाला असतोच. स्वच्छ पाणी झिरपतं तोवर बांध नुसता घामेजलाय असं समजा. गढूळ यायला लागलं की मग बांध आतून वाहायला लागला. पाणी जितकं उंच, तितका आत जोर. फळ्या काढून टाका. आणि पाणी सोडायची तळाची झडप? तिचं चाक दिसत नाही वर."

"चाक घरात आहे," दादा म्हणाला. "अगदी जपून ठेवलंय."

"बरं," खुंटीवाला म्हणाला. त्याला वाटलं, अवजारांच्या खोलीत असेल.

जाण्याआधी त्याने ओल्या जागेत पाइपाचा हातभर तुकडा खोचून पाझर एका धारेत आणला. मग दादाकडे न बघता वहिनीला सांगितलं, "रोज सकाळी एक लिटर भरायला किती वेळ लागतो ते लिहा. आणि ते पाणी काचेच्या बरणीत दिवसभर ठेवा. तळाशी काही बसतंय का, ते बघा. बसलं तर मला लगेच फोन, दुसऱ्या कुणाला विचारत बसू नका." माणसांची पारख त्याला असावी.

फळ्या काही निघाल्या नाहीत. दादा रोज म्हणायचा, उद्या. उद्या दुकानात माल यायचा, परवा पाठ धरायची. खरं कारण त्याने सांगितलं नाही आणि वहिनीने विचारलं नाही. फळ्या काढल्या की खिडकीतली पट्टी जाणार. आईला काय सांगायचं?

वहिनी मात्र रोज सकाळी स्वयंपाकघरातलं मोजायचं भांडं आणि धुतलेली बरणी घेऊन पायथ्याशी जायची. घड्याळ बघायची, वेळ वहीत लिहायची, बरणीवर तारखेची चिठ्ठी चिकटवायची आणि ओट्याच्या खिडकीत रांगेने ठेवून द्यायची. बेबी शिलाई मशीनवरून मान वर करून बघायची. "काय वहिनी, औषध भरताय का?"

"तुमच्याच तब्येतीचं," वहिनी म्हणायची आणि दोघी हसून विषय बदलायच्या.

आठ बरण्या झाल्या. पाणी असं की पलीकडचं झाड दिसावं. नवव्या दिवशी लिटर रोजच्यापेक्षा लवकर भरला. बरणी खिडकीत ठेवताना वहिनीला वाटलं, काच पुसायची राहिली. तिने पदराने पुसली. धुरकटपणा आतून होता. ती कामाला लागली, पण दर थोड्या वेळाने बरणीपाशी जाऊन उभी राहायची, दूध उतू जाईल की काय असं बघावं तशी. दुपारच्या जेवणाच्या आत तळाशी नखाच्या जाडीचा तपकिरी थर बसला होता.

तिने आधी खुंटीवाल्याला फोन केला. मग बेबीला. मग दुकानात.

"अहो, बरणी गढूळ आली."

"बरणी नीट धुतली नसशील."

वहिनी पंचवीस वर्षं याच माणसाशी संसार करत होती, त्यामुळे ती चिडली नाही. "बरणी मीच धुतली होती," ती म्हणाली. "खुंटीवाले यायला निघालेत. बेबीताईंना मी वर बोलावलंय. तुम्ही पण या."

दादा म्हणाला, "आलोच." दुकानात बसलेल्या गिऱ्हाइकाच्या नाकावर तपासणीची फ्रेम तशीच होती, हे नंतर कळलं.

बेबी दहा मिनिटांत वर आली. हातात मोठी बॅग, काखेत प्लास्टिकमध्ये बांधलेली कागदपत्रं, गळ्यात अजून मोजपट्टी.

"एवढ्यात बॅग भरलीत?" वहिनीने विचारलं.

"भरलेलीच असते," बेबी म्हणाली आणि तिच्या नजरेला नजर न देता आईच्या खोलीत शिरली.

वहिनी तिथेच दारात उभी राहिली. भरलेलीच असते. किती वर्षं? तिने विचारलं नाही. त्या घरात न विचारलेल्या गोष्टींची रांग बरण्यांपेक्षा लांब होती.

खुंटीवाला आला, पायथ्याशी ओणवा झाला, धारेखालचा गाळ दोन बोटांत चोळला. "माती आहे. थोडीच आहे, पण बांधाच्या पोटातली आहे. वेळेवर बोलावलंत." मग उठून इकडेतिकडे बघत म्हणाला, "वाळू कुठे मिळेल? आत्ताच्या आत्ता."

वाळू होती. धक्क्याजवळ पाहुण्यांच्या मुलांना किल्ले करायला सासऱ्यांनी गाडीभर टाकून घेतली होती. शेजाऱ्यांची दोन माणसं मदतीला आली आणि बादल्यांनी ती बांधाच्या खाली आली. ओल्या जागेवर आधी वाळू, वर शेजाऱ्यांकडची बारीक खडी, त्यावर मोठी. "दाबून बंद नाही करायचं," खुंटीवाला सांगत होता. "पाणी येऊ दे बाहेर, माती तेवढी आत राहू दे. चहा गाळल्यासारखं." वहिनीला ते एका शब्दात समजलं.

दादा दुकानातल्या इस्त्रीच्या शर्टावरच सांडव्यात उतरला. फळ्या फुगून घट्ट बसल्या होत्या. पहारीने तो एकटाच झगडत राहिला, कुणाला हात लावू देईना. ठोकल्या होत्या त्याने, काढायच्याही त्यानेच, असं काहीसं त्याच्या डोक्यात असावं. वरची फळी कडकड करत सुटली आणि पाणी सांडव्यातून धबाधबा बाहेर पडलं. दुसरी सुटली तेव्हा तो कमरेपर्यंत भिजला होता आणि त्याचा स्वतःचा चष्मा वाहून गेला होता.

"आता झडप. चाक आणा," खुंटीवाला म्हणाला.

दादा भिजल्या कपड्यांनी दिवाणखान्यात गेला. तिथे भिंतीवर सासऱ्यांचा फोटो आणि त्याच्याखाली, काळा रंग देऊन चकचकीत केलेलं, खिळ्यांवर टांगलेलं झडपेचं लोखंडी चाक. वडील रोज या चाकाला हात लावायचे म्हणून दादाने ते आठवण म्हणून काढून आणलं होतं. चार वर्षं झाडलोट करताना वहिनीने ते पुसलं होतं आणि चार वर्षं ती झडप उघडायचा रस्ता या भिंतीवर टांगलेला होता. दादाने चाक उतरवलं. भिंतीवर गोल फिकट डाग राहिला. दारात उभ्या असलेल्या खुंटीवाल्याने फोटोकडे पाहिलं, डागाकडे पाहिलं आणि मोठ्या माणुसकीने म्हणाला, "गंज नाही धरला, हे एक बरं झालं."

चाक बसवलं. पहिल्यांदा हललंच नाही. तेल घातलं, वाट बघितली, पाव फेरा पुढे, थोडं मागे, परत पाव फेरा. "जबरदस्ती नको," खुंटीवाला म्हणत होता. "म्हाताऱ्या माणसाला उठवतो तसं." अखेरीस आत कुठेतरी खाकरल्यासारखा आवाज झाला आणि बांधाखालच्या नळातून आधी काळं, मग तपकिरी, मग नितळ पाणी ओढ्यात पडायला लागलं.

"एकदम रिकामं करता येणार नाही," तो म्हणाला. "आतली ओली माती घसरेल. दिवसाला वीतभर. तोवर बेबीताई खाली झोपायच्या नाहीत."

"नाहीच झोपणार," बेबी म्हणाली. इतक्या चटकन की सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

पुढचे आठ दिवस घरात लग्नघरासारखे गेले. बेबीचं एक मशीन वर आलं, तिच्या गिऱ्हाइणी वर यायला लागल्या, दिवाणखान्यात दोरे आणि चिंध्या. बेबी घोरते हे वहिनीला ठाऊक होतं, पण इतकं, हे नव्हतं. तरी त्या घोरण्याने वहिनीला झोप लागायची. पलीकडच्या खोलीत जिवंत, सुखरूप माणूस घोरतंय, याच्यासारखं अंगाईगीत नाही. दादा जुन्या, ढिल्या चष्म्यातून रोज काठीने पाणी मोजून यायचा आणि आकडा सांगायचा. वाळूखालून येणारी धार बारीक होत गेली. तेराव्या बरणीतून पलीकडचं झाड पुन्हा स्वच्छ दिसलं. सोळाव्या दिवशी बरणी भरायला वहिनी अर्धा तास बसली आणि शेवटी रिकामीच घेऊन परत आली. येताना ती एकटीच हसत होती.

खिडकीतली पट्टी तिसऱ्याच दिवशी गेली होती. आईला कुणी काही सांगितलं नाही. आईनेही विचारलं नाही. फक्त त्या रात्रीपासून ती सकाळी उशिरापर्यंत झोपायला लागली आणि एकदा दुपारी चक्क गुणगुणताना सापडली. वहिनीने ते पाहिलं. पडदा पूर्ण उघडा होता, ऊन थेट चेहऱ्यावर होतं आणि कुरकुर नव्हती. वहिनी हातातली चादर तशीच धरून क्षणभर थांबली.

खुंटीवाला शेवटचं बोलायला आला तेव्हा सगळे आईच्या खोलीतच बसले. चहा झाला. त्याने कागद मांडीवर ठेवला. "धोका सध्या टळला. आता दोन वाटा आहेत. एक म्हणजे पायथा उकरून नीट गाळणी घालायची, सांडवा रुंद करायचा, बांधावरची झाडं मुळासकट काढायची आणि पुढे कायम लक्ष ठेवायचं, बरणीसुद्धा. तसं केलं तर तळं राहील. दुसरी वाट म्हणजे बांध मधून रीतसर कापायचा आणि ओढा होता तसा वाहू द्यायचा. दोन्ही करता येतं. ठरवायचं तुम्ही."

दादाने चष्मा पुसला. "वडिलांनी किती हौसेने केलं होतं," तो म्हणाला.

"हो ना," बेबी म्हणाली. "माझं काय, मी कुठेही राहीन."

"बरण्या भरायला मला जड नाही," वहिनी म्हणाली आणि आपलीच जीभ चावली.

"आईचा जीव आहे त्या तळ्यावर," दादा म्हणाला. "आपण नीट करून घेऊ. मग परत भरू. हळूहळू, दिसेपर्यंत."

"दिसेपर्यंत," आई म्हणाली.

ती उशीला टेकून बसली होती, चहाची बशी अजून हातात. तिने ती हळूच वहिनीच्या हातात दिली.

"खुंटीवाले, सांडव्यापाशी एक मोठा दगड आहे, त्याच्यावर पांढरा पट्टा आहे. बघितलात?"

"बघितला, आजी. चुन्याचा दिसतो. पुसट झालाय."

"तो मी ओढलाय. तळं भरलं त्या पहिल्या वर्षी. हे दुकानात गेले होते तेव्हा." तिने दादाकडे पाहिलं. "गॅलरीत बसून मी पाण्याची शोभा बघते असं वाटायचं ना तुम्हाला? तो पट्टा बघायचे. पाणी पट्ट्याच्या वर चढलं की माझे पाय दुखायचे आणि मी हिला वर झोपायला बोलवायचे."

बेबीच्या गळ्यातली मोजपट्टी घसरून खाली पडली. तिने ती उचलली नाही.

"खाली पलंग आणलात तेव्हा म्हटलं, सुटले. दिसलं नाही की घोर नाही. तर याने पाणीच उचलून माझ्या खिडकीत आणून ठेवलं." ती हसली, पण डोळे पुसत हसली. "त्यांनी एवढ्या लाडाने केलं, सगळ्यांना माझं नाव सांगितलं. मग मी कोणत्या तोंडाने बोलणार होते? आणि तुम्ही सगळे माझ्यासाठी म्हणून गप्प."

दादाने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. वहिनीने त्याच्या हातावर हात ठेवला.

"कापा तो बांध," आई म्हणाली. "मला ते तळं नको. कधीच नको होतं."